तिसऱ्या टँकरनंतर

१

डॉ. गार्गी वर्तक गुरुवारी सकाळी पोलिस ठाण्यात जी तक्रार घेऊन आली, ती कुठल्या रकान्यात लिहायची हेच हवालदाराला कळेना. तिच्या प्रयोगशाळेतली एकही वस्तू हलली नव्हती. कुलूप शाबूत होतं. पण तिचं यंत्र जे काही मोजतं त्याची रोज एक फाइल तयार होते, आणि रविवारची फाइल होती, मंगळवारची होती, मधली सोमवारची कुणीतरी कॉम्प्युटरवरून पुसून टाकली होती. हवालदाराने तिला सायबर सेलचा पत्ता लिहून दिला.

शेजारच्या टेबलावर सहायक निरीक्षक अपूर्वा घाडीगावकर एका अपघाती मृत्यूचे कागद जुळवत बसली होती. सुयोग मेस्त्री, वय सत्तावीस, राहणार दहिसर, काम टाक्यांच्या वॉटरप्रूफिंगचं. मंगळवारी सकाळी मरोळच्या नवप्रभात इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत, त्याचा देह तळाशी सापडला होता. फुप्फुसात पाणी होतं. डॉक्टरांनी बुडून मृत्यू असं लिहिलं होतं. तिघांचे जबाब एकमेकांशी जुळत होते. अपूर्वाची एक सही झाली की प्रकरण मिटणार होतं.

गार्गी जायला उठली आणि हवालदाराने तिचा पत्ता मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. गाळा नंबर चार, नवप्रभात इंडस्ट्रियल इस्टेट.

अपूर्वाने पेन खाली ठेवलं आणि तिला थांबवलं. त्या इस्टेटमधली पाण्याची टाकी तुमच्या गाळ्यापासून किती लांब आहे, असं तिने विचारलं.

"भिंतीला लागून," गार्गी म्हणाली. "मॅडम, आमच्या यंत्राला ती टाकी दिसते."

२

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट गाळा होता. मध्यभागी माणसाएवढ्या उंचीचं धातूचं नळकांडं, भोवती काळे पडदे आणि एसीची घरघर. मिहिर राजाध्यक्ष नावाचा तिशीतला इंजिनिअर कॉम्प्युटरपाशी बसला होता. यंत्र त्याने आणि गार्गीने मिळून पाच वर्षांत उभं केलं होतं. पासवर्ड फक्त त्या दोघांकडे होता.

गार्गीने समजावून सांगितलं. नळकांड्यात हवा नाही. त्यात रुबिडियम या धातूचे अणू लेसरच्या प्रकाशाने इतके गार करायचे की ते जवळजवळ हलेनासे होतात. मग त्यांना सोडून द्यायचं. पडता पडता लेसरने प्रत्येक अणूची लाट दोन वाटांनी पाठवायची आणि खाली परत एकत्र आणायची. दोन्ही लाटा एकमेकींत कशा मिसळल्या त्यावरून अणू किती जोरात खाली ओढले गेले ते कळतं. दर दीड सेकंदाला एक मोजणी, रात्रंदिवस.

"जमीन आपल्याला ओढते, तसं जवळचं सगळंच थोडं थोडं ओढतं," ती म्हणाली. "चंद्रसूर्याचा भाग आम्ही हिशेबातून वजा करतो. उरतं ते इथलं. टाकी जमिनीखाली आहे. ती भरली की खालची ओढ वाढते आणि आकडा वर चढतो. अब्जातले दोन-तीन भाग एवढाच फरक, पण आम्हाला तो स्वच्छ दिसतो."

अपूर्वा नळकांड्याकडे बघत होती. "टाकीत माणूस पडला तर?"

"नाही दिसत. माणूस फार हलका असतो. पाणी दिसतं, कारण ते एक लाख लिटर आहे."

टाकी यंत्राला दिसते हे बाहेरच्या कुणाला ठाऊक आहे, असं अपूर्वाने विचारलं. गार्गीने थोड्या नाखुशीनेच एका पत्राची प्रत काढून दिली. टाकीचं काम निघालं तेव्हा तिने ते इस्टेटचे सेक्रेटरी विद्याधर नाबर यांना पाठवलं होतं. अर्धवट टाकीमुळे आमचे आकडे हलतात, मंगळवारी बाहेरचे तज्ज्ञ यंत्र तपासायला येणार आहेत, तरी सोमवारी संध्याकाळपर्यंत टाकी पूर्ण भरलेली हवी, असा मजकूर होता. खाली एक आलेखही जोडला होता, टाकी भरताना आकडा कसा चढतो ते दाखवणारा.

गार्गी स्वतः सोमवारी त्या तज्ज्ञांना घेऊन जुहूच्या हॉटेलात होती. सोमवारी सुट्टी असल्याने इस्टेटमधले सगळे गाळे बंद होते. इथे फक्त मिहिर होता. संध्याकाळी काही ऐकलं का, असं अपूर्वाने त्याला विचारलं. त्याने मान हलवली. लेसरच्या आवाजात बाहेरचं काही कळत नाही, म्हणाला.

निघताना अपूर्वा दाराशी थांबली. लेसर चालू होता. बाहेर रस्त्यावर एक रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, आणि त्याचा शब्द न् शब्द आत ऐकू येत होता.

३

तिने तिघांना पुन्हा भेटायचं ठरवलं.

वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार प्रितम तिला चकाल्याच्या एका साइटवर भेटला. डोळे तांबारलेले, बोलणं घाईचं. त्याने जबाब पाठ केल्यासारखा परत सांगितला. टाकीच्या आतला लेप शनिवारी पूर्ण झाला. रविवारी टाकी वाळायला मोकळी ठेवली. सोमवारी पहाटे पालिकेच्या लाइनने भरली. सुयोगची बादली आणि रोलर टाकीच्या तोंडाशी राहिले होते, ते न्यायला तो सोमवारी संध्याकाळी एकटाच आला असणार आणि झाकण उघडताना तोल जाऊन पडला असणार. लेप वाळायला किती वेळ लागतो, असं तिने सहज विचारलं. सहा तास, प्रितम म्हणाला, सहा तासांनी दगडासारखा होतो, हाताला लागत नाही. त्या लेपाला वास फार येतो का, असं विचारल्यावर मात्र त्याने साइटवरच्या कुणाला तरी हाक मारली आणि तो तिकडे गेला.

पंप चालवणारा काशीराम इस्टेटच्याच एका खोलीत राहायचा. साठीला आलेला, मूळचा वेंगुर्ल्याकडचा. त्याने पंपाची वही पुढे केली. सोमवार, पहाटे पाच ते साडेसात, लाइनचं पाणी, टाकी फुल. अक्षर त्याचंच होतं. अपूर्वाने मागची पानं चाळली. बाकीच्या नोंदी वेगवेगळ्या पेनांच्या होत्या, कुठे पाण्याचा थेंब पडून पसरलेल्या. शनिवारपासून सोमवारपर्यंतचं सगळं एका पेनाने, एका दमात लिहिलेलं होतं. ती वही वाचत होती तेवढा वेळ काशीराम टाकीच्या झाकणाकडे पाठ करून उभा होता.

विद्याधर नाबर यांनी तिला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. पन्नाशी ओलांडलेला नीटनेटका गृहस्थ. इस्टेटमध्ये त्यांचा स्वतःचा छपाईचा गाळा होता आणि बारा वर्षं सेक्रेटरीपद होतं. झालं ते वाईट झालं, मुलगा मेहनती होता, म्हणाले. तरुण पोरं ऐकत नाहीत, झाकणाशी एकट्याने जाऊ नये असा बोर्ड आपण स्वतः लावला आहे. मग जाता जाता त्यांनी विचारलं, प्रयोगशाळेतल्या मॅडमनी काही तक्रार केली म्हणे?

अपूर्वाने ते ठाण्याबाहेर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

४

दहिसरला नदीच्या अंगाला असलेल्या चाळीत सुयोगची आई प्रेमा राहत होती. सासरा गिरणीत होता, नवरा गिरणी बंद झाल्यावर वॉचमन झाला आणि वारला. ती स्वतः एका शाळेत पोळ्या करायला जायची. दोन खोल्या माणसांनी भरल्या होत्या. अपूर्वाला बघून सगळी बाहेर सरकली.

अपूर्वाच्या मनात एकच गोष्ट अडकली होती. डॉक्टरांच्या कागदावर शेवटी एक ओळ होती, जिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. दोन्ही तळव्यांना व गुडघ्यांना राखाडी लेप चिकटलेला. काम वॉटरप्रूफिंगचं, तेव्हा लेप असायचाच, असं तिने स्वतःही धरलं होतं.

तिने विचारलं, "मावशी, रविवारी सुयोग कुठे होता?"

रविवारी प्रेमाच्या भाचीचा साखरपुडा होता, बोरिवलीत. सुयोगने फोटोसाठी नवा सदरा शिवला होता. हातांना लागलेला लेप निघेना म्हणून सकाळी प्रेमानेच रॉकेल आणि बेसन घेऊन त्याचे तळवे तासभर घासले होते. तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. सुयोग नवऱ्यामुलाला पेढा भरवत होता. तळवा कॅमेऱ्याकडे होता, लालसर आणि स्वच्छ.

"आणि सोमवारी?"

"सोमवारी जेवान गेलो तो. एक वाजता. टाकीचो एक कोपरो ऱ्हवलो हा म्हणान. सुट्टी आसा तर जाव नको म्हटलंय मी. तर म्हणता, प्रितम सेठचो फोन इलो, संध्याकाळच्या आत टाकी होयी हा तेंका."

अपूर्वाने फोटो स्वतःच्या फोनवर घेतला. शनिवारी संपलेलं काम हातांना सोमवारी लागत नाही. सहा तासांत दगड होणारा लेप भरलेल्या टाकीत गुडघ्यांना चिकटत नाही. म्हणजे सोमवारी दुपारी सुयोग त्या टाकीत गुडघ्यांवर बसून लेप लावत होता. म्हणजे टाकी कोरडी होती.

आणि कोरड्या टाकीत माणूस बुडून मेला होता.

५

परत येताना तिने गार्गीला फोन केला आणि गेलेली फाइल कुठूनही परत मिळू शकते का, ते विचारलं. गार्गी म्हणाली, फाइलमध्ये तयार आकडे असतात. ते गेले. पण प्रत्येक मोजणीच्या शेवटी कॅमेरा अणूंचा एक फोटो काढतो. ते फोटो वेगळ्या डिस्कवर साठतात, तिथलं कुणी बघत नाही. ते असतील तर सगळे आकडे पुन्हा काढता येतील. फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, सोमवारचे फोटो आहेत, सगळे आहेत.

तिच्या आवाजात आनंद नव्हता. अपूर्वालाही तेच सुचलं होतं. फाइल पुसणाऱ्याला पासवर्ड माहीत होता, म्हणजे तो या दोघांपैकीच. आणि या दोघांनाही फोटो कुठे असतात ते ठाऊक होतं. मग ते का ठेवले?

ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा गार्गी स्क्रीनपुढे बसली होती आणि मिहिर भिंतीला टेकून उभा होता.

अपूर्वा त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. "तुम्हाला कुणीतरी फाइल पुसायला लावली. पण तुम्हाला ती पुसायची नव्हती. बरोबर?"

मिहिरने सगळं सांगितलं. सोमवारी सहानंतर टँकरचे आवाज आले होते. आकडा चढताना त्याने पाहिला होता आणि त्याला बरंच वाटलं होतं, चला, टाकी भरली एकदाची. दुसऱ्या दिवशी देह सापडला. बुधवारी, गार्गी नसताना, नाबर आले. त्यांच्या हातात गार्गीचं पत्र होतं. ते म्हणाले, पोरगा अपघाताने गेला, पण टाकी पहाटे भरली असं सगळ्यांनी लिहून दिलंय. तुमच्या यंत्राने वेगळं सांगितलं तर चौकशी लागेल, आणि घाई कुणाची होती हे या पत्रात सहीनिशी लिहिलंय. तुमच्या मॅडम आत जातील.

"त्यांना फक्त आलेखाची फाइल माहीत होती. त्यांच्यासमोर तेवढी पुसली," मिहिर म्हणाला. "फोटोंना हात लावला नाही. वाटलं, गार्गीच शोधेल. मग मला बोलावं लागणार नाही."

गार्गीने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनवर आलेख हळूहळू उमटत होता. पहाटे पाच ते साडेसात रेघ सपाट. दुपारी सपाट. सहा वाजून पाच मिनिटांनी ती एका झटक्यात वर गेली आणि थांबली. मग पुन्हा. जिन्यासारख्या पायऱ्या होत्या. लाइनचं पाणी संथ चढ दाखवतं, गार्गी म्हणाली, या पायऱ्या म्हणजे टँकर, एकेक दहा हजार लिटरचा. त्यांनी मोजले. दहा.

अपूर्वा स्क्रीनजवळ सरकली. पहिल्या तीन पायऱ्या सात-सात मिनिटांच्या अंतराने होत्या. शेवटच्या सातही तशाच. पण तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये रेघ अठरा मिनिटं आडवी पडून होती.

"हे काय? टँकर यायला उशीर झाला असेल?"

"नाही," मिहिर म्हणाला. "मी तेव्हा पाणी प्यायला बाहेर आलो होतो. फाटकाशी तीन टँकर इंजिन चालू ठेवून उभे होते."

६

काशीरामला तिने ठाण्यात बोलावलं नाही. त्याच्याच खोलीत, त्याच्या खाटेवर बसून तिने आलेखाचा कागद पुढे ठेवला आणि पायऱ्या म्हणजे काय ते सांगितलं.

"काका, एवढंच सांगा. तिसऱ्या टँकरनंतर का थांबलात?"

म्हातारा खाली जमिनीवर बसला.

साडेचारला तो चहा घेऊन टाकीपाशी गेला होता. सुयोग तळाशी, शिडीच्या पायथ्याला कुशीवर पडलेला दिसला. हाका मारल्या, उत्तर नाही. काशीराम शिडीवरून चार पायऱ्या उतरला आणि लेपाच्या उग्र वासाने त्याचंच डोकं गरगरलं. तो कसाबसा वर आला. त्याने प्रितमला फोन केला, प्रितमने नाबरना. ना पंखा लावलेला, ना मास्क, ना वर कुणी उभं. आणि सुट्टीच्या दिवशी, लेप वाळायच्या आत टाकी भरायची घाई. नाबर येऊन वाकून बघून म्हणाले, गेला तो. फायर ब्रिगेड बोलावली तर इस्टेटला सील लागेल, प्रितम तुरुंगात जाईल, काशीरामची खोली जाईल. पाण्यात पडून गेला म्हटलं तर तो अपघात. टँकर मागवले.

तिसरा टँकर रिकामा झाला तेव्हा काशीराम झाकणाशी होता.

"तो खोकलो," काशीराम म्हणाला. "मी पाइप बंद करायला लावला. नाबर साहेबांना सांगितलं. त्यांनी बॅटरी मारली. तो शिडीला धरून बसला होता, पाणी इथवर." त्याने छातीला हात लावला. "मान वर होईना त्याची. पण होता."

प्रितमने फायर ब्रिगेडसाठी फोन बाहेर काढला होता. नाबरनी तो त्याच्या हातातून घेतला. तिघं तिथे उभे राहिले. कुणी खाली उतरलं नाही, कुणी गेलंही नाही. शेवटी नाबर काय म्हणाले ते काशीरामने दोनदा सांगितलं, जणू पहिल्यांदा नीट सांगितलं नव्हतं.

"म्हणाले, आता वर आला तर काय सांगेल तो?"

मग ते स्वतः फाटकाशी गेले आणि चौथ्या टँकरला आत घेतलं.

प्रितमने त्याच दुपारी कबुली दिली. नाबरनी फोन लगेच परत केला होता आणि उरलेले सात टँकर रिकामे होईपर्यंत तो आपल्याच हातात होता, हेही त्याने आपणहून सांगितलं. टँकरच्या चालकांनी फाटकाशी थांबवल्याचं लिहून दिलं. नाबर मात्र शेवटपर्यंत शांत होते. कागदावरच्या पायऱ्या म्हणजे काही साक्षीदार नव्हेत, म्हणाले. अपूर्वाने डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. मेलेला माणूस बुडून मरत नाही, ती म्हणाली, तुम्ही पाणी सोडलंत तेव्हा तो श्वास घेत होता, आणि ते तुम्हाला माहीत होतं म्हणूनच तुम्ही अठरा मिनिटं थांबलात. नाबरनी चष्मा काढून पुसला आणि वकिलाला फोन करायची परवानगी मागितली.

तिघांना अटक झाली. मिहिरने पुरावा नष्ट केल्याचा जबाब स्वतःच्या हाताने लिहून दिला. गार्गीने आपलं पत्र मूळ सहीसकट आणून दिलं. ते देताना ती म्हणाली, मी फक्त तारीख लिहिली होती, ती तारीख पाळायला कोण खाली उतरणार हे विचारलंच नाही. अपूर्वाने पत्र घेतलं.

७

रविवारी ती पुन्हा दहिसरला गेली. या वेळी घरात प्रेमा एकटी होती. तिने अपूर्वाला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली.

अटकेची बातमी तिला कळली होती. वासाने गुंगी आली आणि झोपेतच गेला, त्याला काही कळलं नाही, असं शेजारच्यांनी तिला सांगितलं होतं. अपूर्वालाही येताना वाटत होतं की तेवढंच ठेवावं. पण आरोपपत्रात सगळं येणार होतं, आणि ते या बाईने कोर्टात परक्या वकिलाच्या तोंडून ऐकावं हे तिला सहन होईना.

"बाय," प्रेमा म्हणाली, "झोपेत गेलो काय तो? खरा सांग."

अपूर्वाने सांगितलं. तीन टँकर, खोकला, बॅटरी, अठरा मिनिटं, नाबरचं वाक्य. काही गाळलं नाही. गल्लीत कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायला कुणी आलं नाही. प्रेमा उठली, बाहेर जाऊन नळ बंद केला आणि परत येऊन बसली.

"हाक मारल्यान असतली."

"नाही मावशी. त्याला बोलता येण्यासारखं नव्हतं. काशीरामने फक्त खोकला ऐकला."

"मगे तीच हाक," प्रेमा म्हणाली. "आणखी कसो बोलावतलो तो?"

मग प्रेमाने विचारलं, कोर्टाची पहिली तारीख कधी. एकवीसला, अंधेरीला, अपूर्वा म्हणाली. तुम्ही यायची गरज नाही, तुमची साक्ष नंतर लागेल.

"मी येतलंय. दर तारखेक येतलंय," प्रेमा म्हणाली. "साक्ष नको माका. त्या तिघांनी माज्या तोंडाकडे बगूक होया."

तिने अपूर्वाला कोर्टाचा पत्ता लिहून द्यायला सांगितला, आणि आरोपींना कुठल्या दाराने आत नेतात तेही.